आधी झाड विचारा, मग पोतं भरा: लाकडाच्या भुशावर अळंबी

वखारीत भुसा आणायला जाल तेव्हा दर नंतर विचारा, आधी झाड विचारा. आज करवतीखाली कुठलं लाकूड चाललंय? काल कुठलं होतं? ढिगाच्या तळाशी काय आहे? पहिल्या वर्षी मी यातलं काहीच विचारलं नाही. पोती मिळत होती, तीही फुकट, आणि भुसा म्हणजे भुसा अशी माझी समजूत होती.

सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात, रिकाम्या पडलेल्या गोठ्यात मी अळंबीसाठी भुशाच्या साठ पिशव्या भरल्या. बेणं, म्हणजे दाण्यांवर वाढवलेली अळंबीची पांढरी बुरशी, ताजं होतं, वाफ नीट दिली होती, स्वच्छता पाळली होती. पंधरा दिवसांनी बघते तर बावन्न पिशव्यांत पांढरी बुरशी वरच्या बोटभर थरात येऊन थांबलेली. सडली नव्हती, हिरवी पडली नव्हती, नुसती थांबली होती. उरलेल्या आठ पिशव्या मात्र तळापर्यंत दुधासारख्या पांढऱ्या. दोन्हींतली एकेक पिशवी घेऊन मी वखारीत गेले. करवतीवरच्या मिस्त्रींनी चिमूटभर भुसा नाकाशी धरला आणि म्हणाले, "वैनी, ह्यो सागवानाचो आसा. आणि ह्यो आंब्याचो. तुमका खयचो व्हयो?"

मला कुठला हवा हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते.

झाडाप्रमाणे भुसा

धिंगरी अळंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, मुळात मेलेल्या लाकडावर वाढणारी. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडून खाणं फार थोड्या बुरश्यांना जमतं, त्यांतली ही एक. पण झाडही गप्प बसलेलं नसतं. आपल्या गाभ्यात ते तेलं, डिंक, टॅनिन आणि कडवट द्रव्यं साठवतं, ती बुरशी आणि किडे यांना लांब ठेवण्यासाठीच. सागवानाची चौकट पावसापाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती याच द्रव्यांमुळे, आणि माझं बेणं थांबलं तेही यांच्यामुळेच. म्हणून सुताराला विचारा, 'कुठलं लाकूड लवकर किडतं, कशाला लगेच भुंगा लागतो?' तो ज्याला नाक मुरडेल ते आपल्या कामाचं.

आमच्याकडे त्यात पहिला नंबर आंब्याचा. लाकूड फिकट, रेषा मोकळी, कडवटपणा कमी. कोकणात आंब्याचं लाकूड पेट्यांना, फळ्यांना, सेंट्रिंगला सर्रास कापलं जातं, त्यामुळे भुसा बारा महिने मिळतो. धिंगरी त्यात सरळ चालते. एकच काळजी घ्या. हा भुसा ओला राहिला तर अळंबीच्या आधी दुसरीच बुरशी त्याच्यावर बसते. आणला त्याच दिवशी खळ्यात पसरून दोन उन्हं द्या, खडखडीत वाळला की पोत्यात भरून जमिनीपासून वर, फळीवर ठेवा.

रबराचा भुसा मिळाला तर सोडू नका. दोडामार्ग भागात रबराच्या बागा आहेत, आणि चीक कमी झालेली जुनी झाडं तोडली जातात. हे लाकूड पांढरट असतं आणि त्यात पिठूळ अंश पुष्कळ. केरळात धिंगरीसाठी रबराचाच भुसा मोठ्या प्रमाणावर वापरतात. पण या पिठामुळेच तो दोनचार दिवसांत निळा-काळा पडतो, म्हणून वाळवण्यात हयगय नको. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. रबराच्या फळ्यांना कीड लागू नये म्हणून कापल्यानंतर औषधाच्या पाण्यात बुडवतात. आपल्याला ओंडका पहिल्यांदा चिरताना पडणारा भुसा हवा. औषध दिलेल्या फळीला रंधा मारताना निघणारा नको.

फणसाचा भुसा पिवळाधमक आणि देखणा असतो. धिंगरी त्यात चालते, पण सावकाश. मी तो एकटा घालत नाही, आंब्यात तिसरा हिस्सा मिसळते. आकेशिया, ज्याची सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला रांगच्या रांग लावली, त्याचा ताजा भुसा तांबूस असतो आणि पाण्याला चहासारखा रंग देतो. तो उघड्यावर ढीग घालून एक पावसाळा भिजू द्या. दोनदा फावड्याने उलटा. दिवाळीनंतर उन्हात वाळवलात की निम्म्यास निम्मा आंब्याबरोबर चालतो. नीलगिरीचंही तेच, औषधी वास पूर्ण जाईपर्यंत हात लावू नका. घाटावरच्या मैत्रिणींना मी सुबाभूळ सुचवते, तिकडे ती मुबलक आणि लाकूड मऊ. बाभळीत टॅनिन जास्त, त्यामुळे तीही आधी भिजवलेलीच घ्यावी.

सागवान एकटं कधीच नाही. एक पावसाळा भिजवून, आंब्यात चौथा हिस्सा, यापलीकडे मी गेलेले नाही. देवदार, पाइन अशी राळेची लाकडं टाळाच. बाहेरून यंत्रसामग्रीबरोबर येणाऱ्या खोक्यांचं लाकूड बहुधा पाइनचं असतं, आणि त्याच्यावरच्या शिक्क्यात 'एम बी' अशी अक्षरं असतील तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते.

आता जे मुळीच घ्यायचं नाही ते सांगते, आणि इथे 'थोडासा चालेल' असं काही नाही. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांचा भुसा नको, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. हिरवट छटेचं औषध दिलेलं लाकूड नको, त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, आणि अळंबी असे जड धातू स्वतःत ओढून साठवते. रंग, लाख, पॉलिश यांची पूड नको. आमच्या सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तिथला कोऱ्या लाकडाचा भुसा उत्तम, पण रंगवल्यावर घासलेली पूड त्याच झाडूने गोळा होते, म्हणून सांगून वेगळा काढायला लावा. आणि झाडांत काजरा, बिब्बा, कण्हेर यांचा कणही नको. काजऱ्याचं बी विषारी हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं, पण त्याची साल आणि लाकूडही कडूजहर असतं. जळाऊ लाकडात तो मिसळून येतो, म्हणून जळाऊ फोडणाऱ्याकडचा भुसा मी घेतच नाही.

शेवटची गोष्ट वासाची. करवतीच्या पात्याला राळ चिकटू नये म्हणून डिझेल किंवा रॉकेल सोडतात. पोत्यात हात घालून तळातला भुसा वर काढा आणि नाकाशी धरा. डिझेलचा वास आला की ते पोतं तिथेच ठेवायचं.

बरणीची परीक्षा

कुठल्या झाडाचा आहे हे खात्रीने कळलं नाही तर दोन परीक्षा आहेत. पहिली पाच मिनिटांची. मूठभर भुसा काचेच्या पेल्यात घाला, वर उकळतं पाणी ओता, थंड होऊ द्या. पाणी फिकट राहिलं तर भुसा बहुधा चालेल. गडद तपकिरी, लालसर झालं किंवा वर तेलाचा तवंग आला तर भिजवल्याशिवाय नको.

दुसरी परीक्षा पंधरवड्याची. माझा सगळा भरवसा तिच्यावर. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घ्या, सरळ उभ्या भिंतीच्या, काचेच्या. प्रत्येकीत एकेका झाडाचा भुसा, सारखाच ओलावा करून, चार बोटं उंच भरा. पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून त्यात कापसाचा बोळा बसवा. कुकरमध्ये दीड तास वाफवा. पूर्ण थंड झाल्यावर वर एक चमचा बेणं टाका, हलवू नका. मग बाहेरून काचेवर, बेणं जिथे संपतं तिथे, मार्करने रेघ मारा. दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणी कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात फिरवून बघा. पांढरे तंतू कुठवर उतरले तिथे नवी रेघ आणि बाजूला तारीख.

माझ्या त्या वर्षीच्या पाच बरण्या अजून माळ्यावर आहेत. आंब्याच्या बरणीवर रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या समान अंतरावर उतरल्या आहेत, तेराव्या दिवशी तळाला. फणसाच्या बरणीत त्याच पायऱ्या, पण जवळजवळ, तळाला पोचायला एकवीस दिवस. ताज्या आकेशियाच्या बरणीत पहिल्या दोन रेघा, मग आठ दिवस काहीच नाही, मग पुन्हा एक. सागवानाच्या बरणीवर एकच रेघ आहे. आणि रबराच्या बरणीत तंतू असे दाट उतरले होते की दहाव्या दिवशी रेघ कुठे मारावी तेच कळेना, सगळीकडे पांढरं. या बरण्या एकदा बघितल्या की कुठल्या भुशाला किती दिवस लागणार याचा अंदाज डोळ्यांना बसतो, आणि पिशव्या भरल्यावर उगाच जीव टांगणीला लागत नाही.

जाडी, कोंडा आणि पाणी

बँडसॉचा, म्हणजे पट्ट्याच्या करवतीचा, भुसा पिठासारखा बारीक असतो. नुसता भरला तर पिशवीत तो दगडासारखा बसतो आणि आत हवा फिरत नाही. त्यात चौथा हिस्सा रंध्याची साल मिसळा, म्हणजे सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या त्या कुरळ्या पट्ट्या. त्या नसल्या तर बोटभर लांबीचा चिरलेला भाताचा पेंढा चालतो. उलट टोकदार ढलप्या पिशवीला भोकं पाडतात, आणि त्या भोकातूनच हिरवी बुरशी शिरते. म्हणून वाळू चाळायच्या चाळणीतून सगळा भुसा एकदा चाळून घ्या.

नुसत्या भुशात नत्र फारच कमी, पेंढ्याहूनही कमी. म्हणून कोंडा घालावा लागतो. इथे शब्दांचा एक घोटाळा आहे तो लक्षात ठेवा. पशुखाद्याच्या दुकानात 'भुसा' मागितलात तर बऱ्याच ठिकाणी गव्हाचा कोंडाच देतात. आपल्याला तोच हवा आहे, पण लाकडाच्या भुशात मिसळायला. तांदळाचा कोंडा घेणार असाल तर भातगिरणीतला बारीक, तेलकट कोंडा घ्या. भाताचं तूस नव्हे, तुसात पोषण काही नाही. कोंडा ताजा हवा, आठवड्याहून जुना खवट होतो.

माझं प्रमाण असं. दहा किलो कोरडा भुसा, एक किलो कोंडा, शंभर ग्रॅम जिप्सम, शंभर ग्रॅम चुन्याची निवळी नव्हे तर कोरडी विरवलेल्या चुन्याची पूड. पहिल्यांदाच करत असाल तर कोंडा अर्धाच किलो घाला. कोंडा वाढवला की उत्पन्न वाढतं हे खरं, पण नको त्या बुरश्यांनाही तेच जेवण आवडतं आणि पिशवी आतून तापतेही जास्त.

कोरडं सगळं आधी नीट एकजीव करा, मग पाणी. या प्रमाणाला सोळा ते सतरा लिटर लागतं, पण एकदम ओतू नका. झारीने शिंपडत, फावड्याने उलटत घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा, लाकूड पाणी हळूहळू पितं. मग मूठभर घेऊन पूर्ण जोराने आवळा. बोटांच्या फटींत ओल दिसावी, फार तर एखाद-दोन थेंब गळावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं, कोरडा भुसा घाला. मूठ उघडल्यावर गोळा फुटून पडला तर पाणी कमी.

कालवलेला भुसा रात्रभर ठेवायचा नाही. कोंडा घातलेला ओला भुसा उष्ण हवेत सकाळपर्यंत आंबतो. सकाळी कालवा, दुपारपर्यंत वाफेच्या ड्रमात गेलाच पाहिजे.

पिशवी आणि वाफ

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पी.पी.चीच घ्या. साधी पातळ पॉलिथीनची पिशवी वाफेत लिबलिबीत होऊन फाटते. एक किलो ओला माल मावेल अशा पिशव्या मला बऱ्या वाटतात. तीन किलोच्या पिशवीच्या पोटापर्यंत वाफ पोचायला फार वेळ लागतो. भरताना आपटून आपटून घट्ट करा, पण ठेचू नका. मधोमध बोटाएवढी काठी खुपसून भोक करा, बेणं त्यातून खाली जातं. तोंडाला पीव्हीसी पाइपची दीड इंच कडी बसवून पिशवीचं तोंड त्यावरून उलटं दुमडा, रबरबँड लावा, कापसाचा घट्ट बोळा बसवा आणि बोळ्यावर वाफेचं पाणी पडू नये म्हणून कागद बांधा. बोळा ओला झाला की तिथूनच बुरशी शिरते.

अळंबी पेंढ्यावर लावायची तर पेंढ्याला गरम पाण्यात घातलं की भागतं. कोंडा घातलेल्या भुशाला भागत नाही, हा या दोन्हींतला मोठा फरक. ज्यांच्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली वाफ देणारं यंत्र आहे ते १२१ अंशाला दीड-दोन तास ठेवतात. माझ्याकडे दोनशे लिटरचा ड्रम आहे. तळाला चिरे, त्यावर लोखंडी जाळी, जाळीच्या खाली वीतभर पाणी. जाळीवर पिशव्या उभ्या, मध्ये बोट जाईल एवढी जागा सोडून. वर दोन ओली गोणपाटं, झाकण आणि झाकणावर दगड. झाकण हवाबंद करू नका. ड्रम काही प्रेशर कुकर नाही, वाफ कोंडली तर तो फुटून माणूस भाजेल. वाफ कडेने निघत राहिली पाहिजे.

झाकणाच्या कडेने वाफ जोरात निघायला लागली की घड्याळ लावा, तिथून सहा ते सात तास. आग पेटवल्यापासून मोजू नका. माडाच्या चुडत्या लवकर भडकतात आणि विझतात, म्हणून सुरुवात त्यांनी करते आणि नंतर नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) आणि करवंट्या लावते, त्यांचा जाळ संथ. दर दोन तासांनी पाणी बघा, कमी झालं तर उकळतंच पाणी घाला, गार घातलं की वाफ मोडते. आग काढल्यावर झाकण न उघडता रात्रभर तसंच राहू द्या.

बेणं टाकणं

बेणं ज्वारीवर किंवा गव्हावर वाढवलेलं मिळतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचं संशोधन केंद्र आहे, तसंच खाजगी प्रयोगशाळाही आता ठिकठिकाणी आहेत. कुठूनही आणा, बाटली किंवा पिशवी उजेडात धरून बघा. सगळे दाणे पांढऱ्या मऊ कापसात लपेटलेले हवेत. हिरवा, काळा ठिपका दिसला, तळाला पिवळं पाणी साचलं असेल किंवा आंबूस वास येत असेल तर परत करा. महिन्याहून जुनं घेऊ नका.

पिशव्या आतून पूर्ण थंड झाल्या की, म्हणजे हाताला कोमटही लागता कामा नयेत, लहान खोलीत न्या. पंखा बंद, दार बंद, आदल्या संध्याकाळी जमीन फिनेलने पुसलेली. मी आंघोळ करून, केस बांधून, तोंडाला रुमाल लावून बसते. हात स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, त्याआधी दिव्याजवळ नेऊ नका, हातावरचं स्पिरिट पेट घेतं. दिवा शेजारी ठेवून बोळा काढा, एक किलोच्या पिशवीला तीस ते चाळीस ग्रॅम बेणं भोकात आणि वर पसरून टाका, लगेच बोळा लावा. एकीने तोंड उघडायचं आणि दुसरीने टाकायचं, असं दोघींनी मिळून केलं तर पिशवी चार-पाच सेकंदांच्या वर उघडी राहत नाही. माझी जाऊ आणि मी असंच करतो, बोलत मात्र नाही.

अंधारी खोली

पिशव्या अंधाऱ्या जागी, २४ ते २८ अंशांत, एकमेकींना न टेकता मांडा. भुशाच्या पिशवीचं पोट खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असतं, एकमेकींवर रचल्या तर मधल्या शिजून जातात. पाणी मारायचं नाही. आंब्याच्या भुशाला वीस ते पंचवीस दिवस, फणस-आकेशियाच्या मिश्रणाला महिना धरा. पिशवी पूर्ण पांढरी झाल्यावरही चार दिवस आणखी थांबा, दाबून बघा, खोबऱ्याच्या वाटीसारखी कडक लागली पाहिजे.

या दिवसांत रोज सकाळी एक फेरी मारायचीच. हिरवा डाग दिसला की ती ट्रायकोडर्मा बुरशी. पिशवी न उघडता उचलून बाहेर लांब न्या आणि पुरून टाका. कापसाच्या बोळ्यातून नारिंगी पावडर बाहेर आली तर जास्त सावध राहा. ही बुरशी दोन दिवसांत सगळ्या खोलीत पसरते. धक्का लागला की पावडर उडते, म्हणून आधी ओलं फडकं बोळ्यावर अलगद टाका, पिशवी त्यातच गुंडाळा आणि मगच उचला. दहापैकी एखादी पिशवी जाणं चालायचं. निम्म्या जात असतील तर वाफेचे तास आणि बोळे तपासा, बेण्याला दोष देण्याआधी.

उघडणं आणि काढणी

पेंढ्याच्या बेडवरचं प्लास्टिक आपण पूर्ण फाडून काढतो. भुशाच्या पिशवीचं तसं करू नका. उघडा केलेला भुशाचा ठोकळा चार दिवसांत सुकतो आणि कडा झडतात. बाजूला ब्लेडने इंचभराच्या तीन-चार चिरा पुरे. कोंब त्या चिरांतूनच घोस करून बाहेर येतात.

आता उजेड हवा, पेपर वाचता येईल एवढा, ऊन नको. दमटपणा ८५ ते ९० टक्के. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तो आकाशच पुरवतं. दिवाळीनंतर मात्र भिंतींना ओली गोणपाटं लावते आणि दिवसातून तीनदा जमीन शिंपते. पाणी धुक्यासारखं हवेत मारा, कोंबांवर धार नको. आणि हवा खेळती हवी, यात कसूर केली की अळंबीचे देठ लांबडे आणि टोप्या बटणाएवढ्या होतात. असं दिसलं की खिडकी उघडा, दोन दिवसांत फरक पडतो.

टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसल्यापासून तीन-चार दिवसांत काढणी. टोपीची कड अजून खाली वळलेली असतानाच काढा. कड सपाट होऊन वर उचलली की ती बीजाणू सोडायला लागते, चव उतरते, आणि पांढरी धूळ खोलीभर उडते. ही धूळ रोज श्वासात गेली तर खोकला आणि दमा लागतो, मला एका हिवाळ्यात लागला होता. तेव्हापासून आधी दार-खिडकी उघडते, दहा मिनिटं थांबते आणि मास्क लावूनच आत जाते. सगळा घोस मुळाशी धरून पिळून काढा, देठाचा तुकडा मागे राहिला तर तो कुजतो आणि माश्या येतात. खिडक्यांना बारीक जाळी आणि बल्बाजवळ तेल लावलेला पिवळा कागद, एवढं माझ्याकडे माश्यांना पुरतं.

दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन, कधी चार बहर मिळतात. आंब्याच्या भुशाच्या किलोभराच्या पिशवीतून मला सगळे बहर मिळून दोनशे ते तीनशे ग्रॅम ताजी अळंबी येते, रबरावर थोडी जास्त. विकली न गेलेली उन्हात वाळवते, दहा किलोची सुकून एक किलो होते, आणि पावसात सुक्या बाजारासारखीच, म्हणजे सुक्या मासळीसारखीच, डब्यात साठते. नारळाच्या वाटणात तिचं तिखलं करून बघा.

कुठली जात, कुठल्या दिवसांत

सुरुवात करडी किंवा पांढरी धिंगरी घेऊनच करा, तिला २० ते ३० अंश चालतात. मार्चनंतर उकाडा वाढला की गुलाबी धिंगरी तग धरते, पण ती एका दिवसात मलूल होते, गिऱ्हाईक ठरलेलं असेल तरच लावा. भुशावर कानासारखी काळी अळंबीही आमच्या दमट हवेत छान येते, चिनी जेवण बनवणारे ती घेतात.

शिताके ही जपानी अळंबी भुशावरच वाढवतात हे खरं. पण तिचा ठोकळा तपकिरी होऊन तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि कोंब धरायला १५ ते २० अंशांचा गारवा लागतो. सोलनसारख्या डोंगराळ, थंड ठिकाणी, जिथे देशाचं अळंबी संशोधन संचालनालय आहे, तिथे ती सोपी. किनाऱ्यावर एसीशिवाय नाही. बटन मशरूमला भुसा नको, कंपोस्ट लागतं. दुधी अळंबी उन्हाळ्याची, तिला पेंढा जास्त मानवतो.

आणि पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवते ती आपली अळंबी घरी लावता येईल का, असं मला दर मृगाला कोणी ना कोणी विचारतं. नाही येत. ती वाळवीच्या संगतीनेच वाढते, वाळवी तिची शेती जमिनीखाली करते. तिची चव वेगळी, तिची वाट बघण्यातही आनंद आहे. पण रानातली अळंबी ओळखणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय तोडू नका, आणि धिंगरी रोज हाताळता म्हणून रानातल्या प्रत्येक पांढऱ्या छत्रीवर विश्वास टाकू नका.

बहर संपलेल्या पिशव्या कोपऱ्यात साठवून ठेवू नका, तिथूनच माश्या आणि हिरवी बुरशी पुढच्या खेपेला लागते. प्लास्टिक काढून ठोकळे हातानेच फोडा, आता ते भाकरीच्या कुस्कऱ्यासारखे हलके झालेले असतात. शेणात मिसळून गांडुळांच्या टाकीत घाला किंवा थेट झाडांच्या आळ्यात. मी सुरणाच्या आणि माडाच्या आळ्यात घालते. पावसात कधीकधी माडाच्या बुंध्याशी, त्या फोडलेल्या भुशातून, आणखी एक घोस वर आलेला सापडतो. तो आमच्या घरच्या कढईतच जातो.